सर एडवर्ड वेस्ट : मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश

मराठी माणसाचा राजस्थानशी असलेला संबंध सांगावयास आम्ही बसलो, म्हणजे बहुधा शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांपासून आरंभ करतो. ज्या शहरात आपण राहतो त्या शहराची आठवण मात्र निराळी आहे. त्रिपोलियाजवळची ईसरलाट उभारणारे सवाई ईश्वरीसिंह यांनी १७५० च्या डिसेंबरात, मराठी फौजा जयपुरावर चालून येत असता, आत्महत्या केली. आणि पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांवर जयपुरकरांनी शस्त्र उपसले. मराठी कागदपत्रांतील खंडणीचे आकडे आणि येथील लोकांच्या मनातील ही स्मृती, दोन्ही एकाच इतिहासाची पाने होत. आज आपण येथे आहोत ते घोड्यावरून आलेले नाही. कोणी कचेरीतील बदलीने, कोणी शाळा-महाविद्यालयातील अध्यापनाच्या निमित्ताने, कोणी उद्योगधंद्यासाठी येथे आलो आणि रुजलो. परंतु परक्या मुलखात जाऊन तेथे अधिकाराने वा नोकरीने राहणाऱ्या माणसाचे मोल पुढे कशावरून ठरवावे, हा प्रश्न आपणा सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात एका इंग्रज न्यायाधीशाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वरील प्रश्नातच आहे. सर एडवर्ड वेस्ट हे मुंबईत केवळ साडेपाच वर्षे होते. त्यांची मातृभाषा इंग्रजी, कायदा इंग्रजी, आणि ज्या सत्तेच्या आश्रयाने ते येथे आले तीही इंग्रजांची. तथापि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या देशबांधवांपैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मुंबईच्या एतद्देशीय नागरिकांनी मात्र वर्गणी काढली. असे का घडले, ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडने परक्या भूमीत आपले कायदेपंडित पाठविण्याची रीत हिंदुस्थानात सुरू केली नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्ये इंग्लंडात जन्मलेले व शिकलेले न्यायाधीश डब्लिनच्या न्यायासनांवर बसले होते. तेथील घराण्यांच्या वारसाविषयीच्या जुन्या चाली १६०६ आणि १६०८ च्या निर्णयांनी कायद्याच्या दृष्टीने रद्द ठरल्या, आणि जमिनीची मालकी हातोहात बदलण्यास वाट मोकळी झाली. न्यायालय हे राज्य पक्के करण्याचे साधन होऊ शकते, हे तेथे दिसून आले. मुंबईतही तेच घडावे अशी कंपनी सरकारची साहजिक अपेक्षा होती. वेस्ट यांनी ती पुरी केली नाही.

अर्थशास्त्राचा अभ्यासक

वेस्ट यांचा जन्म १७८२ सालचा. शिक्षण हॅरो येथे आणि नंतर ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले; त्याच कॉलेजाचे ते फेलो झाले. १८१४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परंतु त्यांचे नाव विद्वानांच्या इतिहासात टिकले ते एका छोट्या पुस्तिकेमुळे. १८१५ साली, इंग्लंडात परदेशी धान्यावरील जकातीचा वाद पेटला असता, त्यांनी जमिनीला लावलेल्या भांडवलाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. लेखक म्हणून स्वतःचे नाव न घालता फक्त 'युनिव्हर्सिटी कॉलेजचा एक फेलो' एवढेच त्यांनी छापले.

त्यातील विचार शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही पटेल असा आहे. एकाच शेतात दुप्पट खत, दुप्पट मजुरी आणि दुप्पट मशागत घातली म्हणून पीक दुप्पट येत नाही. वाढत्या खर्चाला मिळणारे फळ उत्तरोत्तर कमी होत जाते. त्यामुळे लोकसंख्या वाढली की निकस जमीनही नांगराखाली येते, आणि कसदार जमिनीच्या मालकाला दोहोंतील फरक खंड म्हणून मिळू लागतो. हाच सिद्धान्त त्याच सुमारास माल्थस यांनीही मांडला. पुढे १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या प्रस्तावनेत या दोघांचे ऋण नमूद केले. घटत्या उत्पादनाचा नियम आजही महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. त्याच्या आद्य प्रतिपादकांपैकी एक मुंबईचा मुख्य न्यायाधीश होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मुंबईस आल्यावरही त्यांचा हा व्यासंग सुटला नाही. धान्याची किंमत व मजुरी यांवरील त्यांचे दुसरे पुस्तक १८२६ साली, म्हणजे न्यायासनावर असतानाच, बाहेर पडले.

मुंबईतील आगमन

मुंबई बेटावर १७९८ पासून रेकॉर्डरचे न्यायालय होते. या न्यायालयाचे विख्यात प्रमुख सर जेम्स मॅकिन्टॉश यांची कारकीर्द १८०४ पासून १८११ पर्यंत चालली. १८२२ मध्ये वेस्ट यांची त्या जागी नेमणूक होऊन त्यांना सर ही पदवी मिळाली, आणि १८२३ च्या आरंभी ते पत्नीसह मुंबईत उतरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजाच्या सनदेने सुप्रीम कोर्टाची स्थापना जाहीर झाली. मे १८२४ मध्ये ते प्रत्यक्ष सुरू झाले, आणि वेस्ट त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. फोर्टात लायन गेटासमोर आज ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणून ओळखली जाणारी जी जुनी वास्तू आहे, तीच या कोर्टाची जागा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या वेळी मुंबई इलाख्यात दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई बेटावर राजाचे कोर्ट, आणि बाहेर मुलखात कंपनीच्या अदालती. राजाच्या न्यायाधीशाला कंपनी सरकार काढू शकत नव्हते. त्याची सनद लंडनहून आलेली होती. म्हणून गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि त्यांचे कौन्सिल यांना या कोर्टाकडे नेहमीच थोड्या धास्तीने पाहावे लागे.

वेस्ट यांनी पहिला हात घातला तो स्वतःच्याच कचेरीत. न्यायालयातील शुल्काच्या वसुलीत गैरप्रकार असल्याचे त्यांना आढळले आणि त्यांनी विल्यम अर्स्किन यांना पदावरून दूर केले. हे अर्स्किन म्हणजे सामान्य कारकून नव्हेत. ते मॅकिन्टॉश यांचे जावई, एल्फिन्स्टन यांचे स्नेही, आणि बाबराच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर पूर्ण करणारे मोठे पंडित. मुंबईच्या गोऱ्या समाजात त्यांना फार मान होता. त्यांच्या बाजूने बरीच माणसे उभी राहिली आणि नव्या न्यायाधीशावर तुटून पडली. पुढे कोर्टातील काही बॅरिस्टरांनी वेस्ट यांच्याविरुद्ध तक्रारअर्ज केला, तेव्हा त्यांनाही वेस्ट यांनी काही काळ वकिली करण्यास बंदी केली. लेडी वेस्ट यांची रोजनिशी पुढील काळात प्रसिद्ध झाली आहे. मेजवान्या, भेटीगाठी आणि आमंत्रणे यांच्या नोंदींमधून हा दुरावा वाचकाला स्पष्ट जाणवतो. परक्या शहरात आपल्याच माणसांनी वाळीत टाकावे यासारखे दुःख नाही, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

आम्ही वेस्ट यांना निर्दोष ठरवू इच्छीत नाही. त्यांचा स्वभाव करारी तसाच हट्टी होता, आणि न्यायासनाच्या मानापमानाबाबत ते अति हळवे होते. १८२४ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'चे संपादक फेअर यांनी कोर्टातील कामकाजाचा विपर्यस्त वृत्तान्त छापला म्हणून वेस्ट यांनी सरकारकडे तक्रार केली, आणि एल्फिन्स्टन यांच्या सरकारने फेअर यांना इंग्लंडला रवाना केले. एका वृत्तान्तासाठी संपादकाला देशाबाहेर घालविणे ही शिक्षा कोणत्याही मापाने जबर होती, आणि तिला वेस्ट यांची तक्रार कारण झाली.

चाबूक आणि छापखाना

त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टींमुळे मात्र मुंबईचे सामान्य लोक त्यांच्याकडे ओढले गेले. पहिली गोष्ट पोलिसांची. शहरातील पोलिस मॅजिस्ट्रेट गोरगरिबांना, कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन, फटक्यांची शिक्षा देत व शहरातून हद्दपार करीत. हे वर्षानुवर्षे चालत आले होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. ज्याच्या पाठीवर फटके बसत तो हमाल किंवा गाडीवान कोणाकडे दाद मागणार? वेस्ट यांनी ग्रँड ज्युरीपुढील भाषणांत हा विषय उघडपणे मांडला आणि कायद्याचा आधार नसलेली शिक्षा ही स्वतःच गुन्हा होय, असा आग्रह धरला. शांतता राखावयाची तर हात थोडा मोकळा सोडावा लागतो, असे सरकारचे म्हणणे होते. हे म्हणणे आजही आपण ऐकतो.

दुसरी गोष्ट छापखान्याची. १८२३ मध्ये कलकत्त्यास परवान्याशिवाय वृत्तपत्र काढू नये असा निर्बंध जारी झाला होता आणि तेथील सुप्रीम कोर्टाने तो नोंदवून घेतला होता. तसाच निर्बंध १८२६ मध्ये मुंबईसाठी पुढे आला. कोर्टात नोंद झाल्याखेरीज तो मुंबई बेटावर लागू होऊ शकत नव्हता. आणि मुंबईच्या कोर्टाने ती नोंद करण्याचे साफ नाकारले. वेस्ट यांची भूमिका अशी की, इंग्लंडच्या कायद्यात छापण्यापूर्वी परवाना मागण्याची तरतूद नाही, तर ती येथे लादण्याचा अधिकार सरकारला कसा पोहोचतो? फेअर यांच्याविषयी तक्रार करणारा न्यायाधीश दोन वर्षांनी वृत्तपत्रांच्या आड ढालीसारखा उभा राहिला. त्या वेळी मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांचे 'मुंबई समाचार' चार वर्षे चालू होते, आणि पुढे ६ जानेवारी १८३२ रोजी याच शहरात बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. मराठी पत्रकारितेच्या जन्मापूर्वीची ही हकीकत आपल्या स्मरणात असावयास हवी.

मोरो रघुनाथ

वेस्ट यांच्या चरित्राचा शेवटचा भाग पुण्याशी जोडलेला आहे, आणि तो मराठी वाचकाला सर्वाधिक विचार करावयास लावणारा आहे. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. ११ फेब्रुवारी १८१८ च्या सातारच्या जाहीरनाम्याने आणि नंतरच्या आश्वासनांनी दक्षिणेतील सरदारांची मानमरातब राखण्याचे वचन इंग्रजांनी दिले होते. त्यांच्या दाव्यांसाठी पुण्यास स्वतंत्र एजंट असे. मुंबईच्या कोर्टाचे समन्स आपल्या वाड्यात यावे, हे या सरदारांना अपमानाचे वाटे. नोव्हेंबर १८२७ मध्ये एल्फिन्स्टन यांच्या जागी आलेले सर जॉन माल्कम, ज्यांची माळव्यातील कारकीर्द आपल्या भागातही परिचित आहे, हे या वचनाचे कट्टर पालक होते.

अशा वेळी १८२८ साली दोन प्रकरणे कोर्टापुढे आली. एक ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या कैद्याचे. दुसरे पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाचे. हा मुलगा पेशव्यांच्या नात्यातील घराण्याचा. तो आजोबांच्या नात्याने लागणाऱ्या पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. त्याला कोंडून ठेवले आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, असा अर्ज त्याच्या बाजूने मुंबईस झाला, आणि कोर्टाने हेबियस कॉर्पसचा आदेश काढला. ज्याला येथील हिंदी वृत्तपत्रे बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात तोच हा आदेश : ज्याला अडकविले आहे त्याला आमच्यापुढे आणून उभे करा आणि कोणत्या कायद्याने अडकविले ते सांगा.

या वादात दोन्ही बाजूंना काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. दिलेले वचन सरकारने मोडू नये, हे माल्कम यांचे म्हणणे पोकळ नव्हते. ज्यांचे राज्य गेले त्यांची अब्रू तरी राहावी, अशी त्यामागे भावना होती. परंतु अब्रू वडीलधाऱ्यांची, आणि जीव मुलाचा. वाड्याच्या दारावर कायदा थांबला, तर आत काय चालले आहे ते विचारावयाचे कोणी? नारायणरावाच्या खुनाचा जाब खुद्द राघोबादादांना विचारणारे रामशास्त्री प्रभुणे याच पुण्यात होऊन गेले होते. वाड्याची भिंत न्यायाला अडवीत नाही, हा धडा मराठी मनाला इंग्रजांकडून शिकावयाचा नव्हता.

या झगड्याचा निकाल पाहण्यास वेस्ट राहिले नाहीत. १८ ऑगस्ट १८२८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. काही आठवड्यांतच लेडी वेस्ट बाळंतपणानंतर वारल्या. ३ ऑक्टोबर रोजी माल्कम यांच्या सरकारने उरलेल्या दोन न्यायाधीशांना पत्र लिहून अशा प्रकरणांत हात न घालण्याची सूचना केली. सर चार्ल्स चेंबर्स यांनी भर कोर्टात ती धुडकावली. न्यायासनापुढे सरकारची किंमत एखाद्या सामान्य पक्षकाराहून अधिक नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्याच महिन्यात तेही वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. आपला आदेश बजावण्यास सरकार मदत करीत नाही, असे पाहून त्यांनी १ एप्रिल १८२९ पासून कोर्टच बंद ठेवले.

लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कम यांना खाजगी पत्रात कळविले की, दोन नवे न्यायाधीश पाठवीत आहोत. दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानटी हत्ती चालवावा तसे ग्रँट त्यांच्यामध्ये चालतील. हे पत्र फुटले, वृत्तपत्रांत छापले गेले, आणि सरकारला न्यायाधीश कसे हवे असतात ते सर्वांना कळले. १८२९ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, मुंबई बेटाबाहेर, जो माणूस मुळात या कोर्टाच्या अधिकाराखाली येत नाही त्याच्यावर, तसेच कंपनीच्या अदालतींच्या तुरुंगाधिकाऱ्यांवर असा आदेश काढण्याचा हक्क कोर्टाला नाही. मोरो रघुनाथ पुण्यातच राहिला. कायद्याच्या पुस्तकात कोर्ट हरले.

मागे काय उरले

वेस्ट यांच्या निधनानंतर मुंबईच्या एतद्देशीय नागरिकांनी न्यायाधीशांना शोकपत्र सादर केले आणि त्यांच्या स्मरणार्थ जमविलेला निधी विद्यार्थ्यांसाठी दिला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये अनेक वर्षे वेस्ट शिष्यवृत्ती दिली जात असे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यापैकी बहुतेकांना इंग्रजी कायद्याचे बारकावे कळत नसतील. परंतु हा मनुष्य आपल्या जातभाईंनाही त्याच तराजूत तोलतो, एवढे त्यांना नक्की कळले होते.

त्यांच्या अर्थशास्त्राचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वेस्ट पुण्यास मृत्युशय्येवर होते त्याच काळात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाचे अधिकारी जमिनीची पाहणी करीत होते. माल्थस जेथे शिकवीत त्या हेलीबरी कॉलेजातून आलेल्या या अधिकाऱ्याने, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. सिद्धान्त त्याच घराण्यातला. पण शेतकऱ्याच्या खर्चाचा हिशेब कागदावर चुकला आणि गावे ओस पडू लागली. शेवटी १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत बसवावी लागली. पुढे १८९३ साली मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही अर्थशास्त्राचे व्यासंगीच होते. इंग्लंडातील सिद्धान्त प्रत्येक देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. वेस्ट यांची विद्या व व्यवसाय या दोन्हींना मराठी भूमीतून मिळालेले हे उत्तर फार मोलाचे वाटते.

हेबियस कॉर्पसचा प्रश्न मात्र तेथे संपला नाही. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या काळापासूनची सदर अदालत ही दोन्ही विलीन होऊन मुंबई हायकोर्ट झाले. १९५० च्या संविधानाने २२६ व्या अनुच्छेदाखाली हा आदेश काढण्याचा अधिकार देशातील प्रत्येक उच्च न्यायालयाला दिला. वाडा, संस्थान वा हवेली कोणाचीही असो, जोधपूर वा जयपूर येथे बसलेला न्यायाधीश आज तेथील माणसाला समोर आणावयास सांगू शकतो. १९७५ च्या आणीबाणीत हाच अधिकार पणाला लागला. ज्या उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्यास नकार दिला नाही त्यांत राजस्थानचे उच्च न्यायालयही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे निर्णय फिरविले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध मताचे होते. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पित्याच्या त्या मताला सदोष ठरविले. जो तराजू वेस्ट यांनी आपल्या देशबांधवांपुढे धरला, तो येथे मुलाने वडिलांपुढे धरला.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. परक्या भूमीत गेलेल्या माणसाचे मोल त्याने तेथे किती सत्ता गाजविली यावरून ठरत नाही; आपल्याबरोबर आणलेला नियम त्याने आधी आपल्या माणसांना लावला की नाही, यावरून ठरते. याच मापाने वेस्ट यांना तोलले, तर फेअर यांचे प्रकरण त्यांच्या विरुद्ध पारड्यात पडते आणि चाबकाचे प्रकरण त्यांच्या बाजूने. याच मापाने आपल्या पूर्वजांच्या उत्तरेतील स्वाऱ्याही तोलल्या पाहिजेत. त्रिपोलियावरून जाताना ईसरलाटेकडे पाहून हे आपण मुलांना सांगावे. आणि याच मापाने पन्नास वर्षांपूर्वी येथे मंडळ स्थापन करणाऱ्या व आज ते चालविणाऱ्या आपणा सर्वांचा हिशेबही जयपूर शहर मांडीत असेल.